व्याह्यांच्या छातीचं नियोजन

१ डिसेंबर, सकाळी ७.१०
बँकेनं जानेवारीत दिलेली डायरी अकरा महिने कपाटात कोरी पडली होती. आजपासून वापरात. सोबतचा बॉलपेनही चालतोय.
रिटायर होऊन सात महिने झाले. उमरगा स्टँडवर कंट्रोलर म्हणून एकवीस वर्षं माईक माझ्या हातात होता. मी बोललो की आख्खा स्टँड पिशव्या उचलायचा. आता घरात बायको अयोध्या, मुलगा कुमार आणि सून शिवकन्या, तीनच प्रवासी, आणि एकही ऐकत नाही. म्हणून हे लिखाण. फक्त स्वतःसाठी. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.
संकल्प : रोज पाच किलोमीटर चालणं. बिनसाखरेचा चहा. चिडायचं नाही.

८.२०
देवळापर्यंत जाऊन आलो. दीड किलोमीटर होतं. चढावर दोनदा थांबावं लागलं. बूट नवे आहेत.

८.३५
चहा साखरेचाच घेतला. अयोध्यानं आधीच टाकली होती, ओतून कसा द्यायचा. तिच्यावर चिडलो.

३ डिसेंबर, दुपारी
ज्येष्ठ नागरिक संघात डॉक्टरांचं व्याख्यान. विषय हार्ट अटॅक. मी पहिल्या रांगेत, वही घेऊन. लक्षणं लिहून घेतली : छातीवर दाब, डावा हात भरून येणं, जबडा दुखणं, गार घाम, थोडं चाललं की दम. डॉक्टर म्हणाले, निम्मी माणसं गॅस समजून घरी बसतात आणि तिथंच घात होतो. लई पटलं. लोक खरंच अडाणी असतात.
मी तीन प्रश्न विचारले. शेवटी मला 'आरोग्यमित्र' असा बिल्ला मिळाला. तसे अकरा जणांना मिळाले, पण माझा स्वतः डॉक्टरांनी लावला.
हॉल दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात दम लागला. सगळ्यांनाच लागला असणार, मी शेवटी होतो म्हणून विचारता आलं नाही.
संकल्प : महिनाअखेर एक तरी पेशंट शोधून वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचवायचा.

४ डिसेंबर
पेशंट शोधायला सुरुवात. शेजारचे वीरप्पा, वय अठ्ठ्याहत्तर. बिल्ला लावून गेलो. म्हातारा शिडीवरून पत्र्यावर चढून तुरी वाळत घालत होता. वरूनच सांगितलं की मला काय न्हाय. निराश होऊन परतलो.
येताना मंडईतून मेथी आणली. डावा हात कोपरापर्यंत भरून आला, पिशवी दोनदा खाली ठेवली. चार जुड्या होत्या. मेथी दिसायला हलकी असते.

५ डिसेंबर
छातीत सकाळपासून गच्च. गॅस. सोडा घेतला. ढेकर आला नाही, पण येईल.

६ डिसेंबर
देवळाच्या चढावर खालचा जबडा ठणकतो, घरी येऊन बसलं की थांबतो. दाढ असणार. त्या बाजूची दाढ मागच्या वर्षीच काढली, पण मुळं राहत असतील.
अयोध्या म्हणाली, डॉक्टरला दाखवा. तिला शांतपणे समजावलं की आमच्या घराण्यात हार्ट नाही. आमचे वडील जेवता जेवता गेले. थोरले बंधू बांधावर बसल्या बसल्या गेले. चुलते तर स्टँडवर रांगेत उभे असताना. एकालाही हार्ट नव्हतं, सगळे ठणठणीत गेले. आणि काय ते येळवस झाल्यावर, अमावास्येला रानात पूजा-जेवण आटोपलं की बघू.
शिवकन्या दारात उभी राहून ऐकत होती. आतल्या खोलीत ती दहावीच्या पोरींची शिकवणी घेते, तिकडं लक्ष द्यायचं सोडून.

७ डिसेंबर
डायरी गादीखाली ठेवली होती, ती पांघरुणाच्या घडीत सापडली. अयोध्या आवरताना वस्तू जागच्या हलवते. तिला सूचना दिली.

८ डिसेंबर, संध्याकाळी ६.००
पेशंट मिळाला. आणि कोण, तर व्याही!
शिवकन्येचे वडील बिभीषणराव, मुक्काम बेंबळी, साठीचा शेतकरी गडी. लग्नाला चार वर्षं झाली, माणसानं एकदाही आमचा मान मोडला नाही. आम्ही मुलाकडचे. चहाचा पहिला कप आम्हाला, पहिलं ताट आम्हाला, दारातून आधी आम्ही. बेंबळीच्या जत्रेत ते न्हाव्याकडं दाढीला बसले होते, मला पाहून अर्ध्या फेसासकट उठले आणि खुर्ची दिली. असा माणूस.
आज फोनवर सहज म्हणाले की मंडईतून मेथी आणताना डावा हात कोपरापर्यंत भरून आला. चारच जुड्या होत्या. मी ताठ बसलो. ऐकता ऐकता वहीतल्या यादीवर खूण केली.
स्वतःच्या रानात मेथी असताना मंडईत कशाला गेले, हे विचारायचं राहून गेलं.

९ डिसेंबर
मीच फोन लावला. जबडा दुखतो का? म्हणाले, चढावर दुखतो, पण ती दाढ असणार. कुठली दाढ? मागच्या वर्षी काढलेली. मुळं राहिली असतील म्हणाले.
काय हे अज्ञान. काढलेली दाढ दुखेल कशी? लहान पोराला कळेल. यादीवर दुसरी खूण.
रागाच्या भरात दोन चकरा मारल्या अंगणात. तिसरी सोडून दिली.

११ डिसेंबर, सकाळी
गच्चीवर रेंज चांगली म्हणून वर जाऊन फोन केला. चाळीस मिनिटं समजावलं. ऐकेनात. म्हणाले, गॅस आहे, सोडा घेतलाय. म्हणाले, येळवस झाल्यावर बघू. आणि शेवटी काय म्हणावं, आमच्या घराण्यात हार्टच न्हाय, आमचं वडील जेवता जेवता गेलं.
माझा तोल गेला. ओरडून सांगितलं की अहो, जेवता जेवता माणूस जातो तो हार्टनंच जातो, दुसरं काय, भाकरी अंगावर येत नाही.
 मग म्हणाले, व्हय का?
सांगून सांगून मलाच घाम फुटला. बनियन पिळावं इतका. सकाळचे साडेसात आणि अंगावर स्वेटर, तरी. जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. खाली आलो तर अयोध्या आणि शिवकन्या जिन्याच्या तोंडाशीच उभ्या. शिवकन्यानं विचारलं, मामा, तुमचे वडील कसे गेले होते? म्हटलं, आता बेंबळीचा विषय चालू आहे, विषयांतर नको.

१२ डिसेंबर
व्याह्यांना मोबाईलवर चौदा मेसेज पाठवले. हृदयाचे फोटो, बंद नळ्यांचे फोटो. उत्तरात चौदा वेळा हात जोडलेले आले.

१३ डिसेंबर
घरात कट शिजतोय. कुमारनं मला न विचारता माझ्या नावानं डॉक्टरकडं नंबर लावला. शिकवतो त्या शाळेतून अर्धी रजा काढून आला. मी गेलो नाही. का जावं? नात्यात खराखुरा पेशंट पडलेला असताना आरोग्यमित्रानंच टेबलावर जाऊन झोपायचं, म्हणजे ड्रायव्हरनंच तिकीट काढून मागं बसायचं. शिवाय डॉक्टर उगीच काहीतरी काढतात. गेलं की काढतात.
अयोध्या रडली. तीस-पस्तीस वर्षांत ती माझ्यापुढं तीनदा रडली असेल. म्हणाली, मला एकटीला टाकून जाऊ नका. म्हटलं, अगं बेंबळी काय लांब आहे, येळवस करून रात्री परत. ती तोंडावर पदर घेऊन आत गेली. बायकांना प्रवासाची भीती असते.
जेवण गेलं नाही. छातीवर जणू कुणी पाटा ठेवलाय. काळजीनं होतं तसं. व्याह्यांच्या.

१५ डिसेंबर
व्याह्यांना आता छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय. काळजीनं होतं असेल म्हणाले. विचारलं, कुणाच्या काळजीनं? म्हणाले, तुमच्या.
चढावर दमही लागतो म्हणाले. चार खुणा झाल्या. फक्त घाम राहिलाय. माणूस हातचा चाललाय आणि मला मान देतोय.  ठरवलं, येळवशीला तिथंच रानात सोक्षमोक्ष लावायचा.

१६ डिसेंबर
भाषण तयार केलं. सात मिनिटांचं. मागच्या खोलीत माईकशिवाय सराव केला. चौथ्या मिनिटाला दम लागला, म्हणून तीन मिनिटांचं केलं.

१७ डिसेंबर
चालणं बंद. थंडी फार. शिवाय येळवशीसाठी ताकद राखून ठेवायला हवी.
डायरी आज उशीच्या अभ्र्यात. ही बाई वस्तू कुठं ठेवेल सांगता येत नाही.

१९ डिसेंबर, येळवस. परत आल्यावर, संध्याकाळी ७.३०
पडल्या पडल्या लिहितोय, कारण आज विजय झाला.
व्याह्यांच्या रानात बरोबर दहाला पोचलो. ज्वारी छातीएवढी. कडब्याची खोपटासारखी कोप केलेली, आत चुना लावलेले दगडांचे पाच पांडव, शाल पांघरलेले. पूजा झाली. मग रानाला आंबील शिंपडत फेरी मारायची. तो मान मलाच. आंबिलाची घागर, म्हणजे बिंदगी, माझ्या खांद्यावर, मागं व्याही पळसाच्या पानानं शिंपडत 'व्हलगे व्हलगे' म्हणत. मी म्हणत नव्हतो. श्वास पुरत नव्हता. गाण्याचा मला आधीपासून नाद नाही.
अर्ध्या रानात बांधावर बसलो. बसावंसं वाटलं म्हणून. घाम गार, मानेवरून पाठीत. डोळ्यांपुढं ज्वारी पिवळी, मग पांढरी. बिंदगी लवंडली, शेतमालकाचं बरंच आंबील एकाच सरीत गेलं.
आणि काय योगायोग! व्याहीही त्याच क्षणी शेजारी बसले, छाती चोळत. घाबरलेले. माझा हात घट्ट धरला. म्हणाले, लई गार पडलाय. भेदरलेला माणूस मिळेल तो हात धरतो. त्यांच्या कपाळाला घाम नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं, ते मी घाम म्हणून धरलं. पाचवी खूण.
भाषण आठवेना. एवढंच म्हटलं, बिभीषणराव, हट्ट सोडा, तुमच्यामागं लेकीबाळी आहेत, नातवाचं तोंड बघायचंय. माझाच आवाज फुटला. ते मान खाली घालून म्हणाले, आत्ताच्या आत्ता उमरग्याला जाऊ. मी म्हटलं, आज सण आहे, आलेली मंडळी उपाशी ठेवून नाही जायचं, सोमवारी. त्यांनी तिघाचौघांना हाका मारल्या, गाडी काढायला लावली, मी नाही म्हणजे नाही म्हटलं. शेवटी सोमवारवर तोडगा. एकच अट त्यांची, मी सोबत असलं पाहिजे.
जेवायला बसलो. भज्जी, बाजरीचे उंडे, पहिलं ताट मला. दोन घास खाऊन कोपीमागं उलटी झाली. आंबील जास्त आंबलं होतं.
विजय तो विजय.

२० डिसेंबर
दिवसभर पडून. विजयानंतर थकवा येतो.
शिवकन्या दर तासाला येऊन बसते. श्वास मोजल्यासारखी बघते. शेवटी म्हणाली, मामा, सोमवारची वाट नको, आज चला. म्हटलं, पेशंटनं सोमवार दिलाय, टाइमटेबल बदलत नसतो. ती उठली. बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला. बापाची काळजी, दुसरं काय. पोर गुणी आहे.

२१ डिसेंबर, सकाळी ९.००
व्याही आजच दारात! बेंबळीहून पहाटेच्या गाडीनं. म्हणाले, छातीत लई व्हायलंय, सोमवारपोत्तर निघणार न्हाय. रविवार असूनही डॉक्टर बसलेत, कुमारनं विचारून ठेवलंय. बघा, शेवटी माझं बोलणं मनात उतरलं. बिल्ला लावतोय. निघालो.

२१ डिसेंबर, दुपारी १.१०
अँब्युलन्समध्ये लिहितोय. अक्षर हलतंय. ड्रायव्हर बरा आहे, पण गतिरोधकाला गिअर पाडत नाही.
झालं ते असं. हायवेला दवाखाना, बाहेर ट्रकांची रांग, आत आम्ही सगळे. पेशंटचं नाव पुकारलं. मी व्याह्यांना पुढं केलं. ते जागचे हलेनात. टेबलाजवळ उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "आदी मान मुलाकडचा. चार वर्षांत म्या कवा मोडला न्हाय, आज कसा मोडू? पाव्हणं, आदी तुमी झोपा."
मी समजावलं की हे जेवणाचं ताट नव्हे. ते म्हणाले, मग मी पण झोपत नाही, निघालो बेंबळीला. टोपी घातलीसुद्धा. काय करणार? पेशंट हातचा जात होता. आणि खरं सांगायचं तर मान नाकारणं आमच्या रक्तात नाही. झोपलो. छातीला ते गार बोळे लावले. ईसीजीची पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती बघितली आणि दुसरी काढली. मी सुचवलं की मशीन आधी व्याह्यांवर तपासून घ्या. त्यांनी तोंडात गोळ्या दिल्या, चावा म्हणाले, उठायचं नाही म्हणाले.
मग व्याह्यांची पट्टी काढली. एकदम छान, म्हणे. पट्ट्यांची अदलाबदल झाली आहे हे मी चारदा सांगितलं. अयोध्या माझे पाय धरून उभी होती, तिला सांगितलं. कुणी ऐकेना.
सोलापूरला चाललोय. डायरी मागितली तर शिवकन्यानं पर्समधून काढून दिली. तिच्या पर्समध्ये कशी, हे नंतर विचारायचं. नळदुर्ग गेलं. वेळेच्या आधी चाललोय.

२५ डिसेंबर, सकाळी, सोलापूर
मनगटातून तार घालून हृदयाच्या नळ्यांत दोन ठिकाणी स्प्रिंगा बसवल्या. इथले डॉक्टर म्हणाले, एक छोटा अटॅक शुक्रवारी रानातच येऊन गेला असणार, अजून दोन दिवस गेले असते तर बोलायला कुणी उरलं नसतं. मी विचारलं, शुक्रवारचं तुम्हाला कुणी सांगितलं?
त्यांना सगळंच ठाऊक होतं. देवळाचा चढ, दुसऱ्या मजल्याचा जिना, मेथीच्या चार जुड्या, काढलेली दाढ, कोपीमागची उलटी. तारखा आणि वेळेसकट. म्हणाले, इतकी व्यवस्थित हिस्टरी देणारा पेशंट पहिल्यांदाच बघितला.
ते गेल्यावर डायरी पहिल्या पानापासून चाळली. एक तारखेपासून पुढं सगळीकडं लाल पेनानं बारीक रेघा. शिकवणीच्या वह्या तपासतात तशा. 'गॅस'खाली रेघ. 'बूट नवे आहेत' याच्याखाली दोन. 'सगळे ठणठणीत गेले' याच्यापुढं समासात प्रश्नचिन्ह.

दुपारी ४.००
व्याही भेटायला आले. पेरू आणले. मीच विचारलं, खरं सांगा, छातीत कधी काय झालं होतं? खालच्या मानेनं म्हणाले, न्हाय. पोरगी रोज फोनवर वाचून दाखवायची. आज हे म्हणा, आज ते म्हणा. मामा सोत्यासाठी जाणार न्हाईत, पर तुमच्यासाठी जातील, असं बोलली. मेथीचं त्यांना पटत नव्हतं म्हणे, रानात ढीग असताना मंडईत कशाला जाऊ, पण पोरगी म्हणाली तेच सांगा, ते न्हाय विचारणार.
मला लई राग आला. एकवीस वर्षं आख्खा स्टँड हलवणारा माणूस आणि एका पोरीनं मला माझ्याच वहीतून हलवलं. भिंतीकडं तोंड करून पडलो. व्याही उठले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, रानात तुमचा हात धरला तवा म्या खोटं वागत नव्हतो, पाव्हणं. तेवढं एक ध्यानात असू द्या.
पेरू कापला. पहिली फोड त्यांनी माझ्यापुढं केली. मी ती त्यांना दिली. चार वर्षांत पहिल्यांदा. दोघांनाही पुढं काय करायचं कळेना, म्हणून अर्धी अर्धी करून खाल्ली.

संध्याकाळी ५.४०
संकल्प : यापुढं डायरी कुलपात. किल्ली माझ्या करदोट्याला. घरात खाजगीपणा नावाची गोष्ट आहे की नाही?
बाथरूमपर्यंत जाऊन आलो. छातीत डाव्या बाजूला थोडं दुखतंय. थोडंच. पडून राहिल्यामुळं असणार. कुणाला सांगण्यासारखं नाही, सांगतही नाही. शिवकन्या खाली औषध आणायला गेलीये, येईल एवढ्यात.
डायरी तिच्या स्टुलावर उघडीच ठेवतोय. शाई वाळायला हवी.